परवडणाऱ्या दरातला नामांकित गाऊन: एका पांढऱ्या पोशाखाचा इतिहास

१/ बॉस्टन शहरातील वॉशिंग्टन स्ट्रीट. दुकान उघडायला अद्याप अवकाश आहे, पण दाराबाहेर शेकडो तरुणी रांग लावून उभ्या आहेत. सोबत आया, बहिणी, मैत्रिणी. गर्दीत आपली माणसे ओळखू यावीत म्हणून कोणी एकाच रंगाच्या टोप्या घातल्या आहेत, कोणी डोक्याला पट्ट्या बांधल्या आहेत, कोणाच्या गळ्यात शिट्टी आहे. दार उघडते, सगळा जमाव आत धावतो आणि मिनिटभरात गाऊनच्या साऱ्या मांडण्या रिकाम्या होतात. हा लग्नाच्या पोशाखांचा सेल आहे.

२/ दुकानाचे नाव फायलीन्स बेसमेंट. १९४७ मध्ये सुरू झालेला हा सेल पुढे साठ वर्षांहून अधिक काळ चालला. एरवी हजारो डॉलरांना विकले जाणारे, मोठमोठ्या डिझायनरांच्या नावाचे गाऊन तेथे सरसकट एकाच दराने मिळत. एके काळी तो दर २४९ डॉलर होता. पाम्प्लोनातील बैलांच्या धावण्यावरून वर्तमानपत्रांनी या सेलला ‘रनिंग ऑफ द ब्राइड्स’ असे नाव ठेवले. थट्टा सोपी होती. पण एका दिवसाच्या पोशाखासाठी एवढी धाव का घ्यावी लागली, आणि तो पोशाख स्वस्त झाला तेव्हा कमी झालेली किंमत कोणी सोसली, हे दोन प्रश्न थट्टेत हरवले. हा थ्रेड त्या दोन प्रश्नांविषयी आहे.

३/ आरंभी एक गैरसमज दूर करू. वधूने पांढरेच नेसावे, तो पोशाख त्याच दिवसासाठी शिवावा आणि नंतर पेटीत ठेवून द्यावा, ही युरोपातील पुरातन रीत नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील बहुसंख्य वधू आपल्याजवळचा सर्वांत चांगला पोशाख घालून चर्चमध्ये जात. तो निळा असे, तपकिरी असे, कधी काळाही असे. लग्नानंतर तोच पोशाख रविवारच्या प्रार्थनेला, बारशाला, सणावाराला वापरात राही. आपल्याकडील लग्नाचा शालू जसा पुढे घरच्या प्रत्येक मंगलकार्यात बाहेर निघतो, तसेच ते होते.

४/ १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला आणि चित्र पालटू लागले. तिने पांढरे सॅटिन निवडले आणि त्यावर डेव्हन परगण्यातील हाताने विणलेली हॉनिटन लेस लावली. यंत्राच्या लेसमुळे हातलेस विणणाऱ्या बायकांचा धंदा बसत चालला होता. राणीच्या मागणीने त्यांना काम मिळाले. राणीची चित्रे आणि वर्णने सर्वदूर पोहोचली, आणि पांढरा रंग हळूहळू ऐपतीची खूण ठरला. धुलाई हातची, रस्ते चिखलाचे आणि घरोघरी कोळशाची धग, अशा त्या काळात पांढरे वस्त्र राखणे ही चैनच होती.

५/ गंमत अशी की, जिच्यामुळे ही खर्चिक प्रथा रूढ झाली ती राणी स्वतः मात्र काटकसरी निघाली. लग्नातील लेस तिने आयुष्यभर निरनिराळ्या प्रसंगी पुन्हा पुन्हा वापरली. १८९७ मध्ये तिच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला, तेव्हाच्या अधिकृत छायाचित्रातही ती आहे.

६/ पांढरा रंग मिळाला. ‘नाव’ मिळायचे होते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्लंडात जन्मलेला कापडविक्रेता १८५८ मध्ये पॅरिसच्या र्यू द ला पे या रस्त्यावर स्वतःची पेढी थाटून बसला. तोवर शिंपी गिऱ्हाइकाच्या घरी जाई आणि गिऱ्हाईक सांगेल तसे बेतून देई. वर्थने उलटे केले. नमुना त्याचा, कापडाची निवडही पुष्कळदा त्याची. राजघराण्यातील स्त्रियांनीही तो ठरवील ते घालावे. चित्रकार चित्रावर सही करतो तशी त्याने पोशाखाच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवली. आज ज्याला आपण ‘डिझायनर लेबल’ म्हणतो त्याचा उगम या पट्टीत आहे. त्या दिवसापासून पोशाखाच्या किमतीत कापड आणि शिलाई यांच्या जोडीला तिसरी रक्कम मिळवली जाऊ लागली, ती नावाची.

७/ आणि नावाला किंमत आली की नक्कल येतेच.

८/ नकलेचा गाजलेला दाखला १९३७ चा. ३ जून रोजी फ्रान्समधील कांदे येथील वाड्यात वॉलिस सिम्प्सन आणि सिंहासन सोडलेला एडवर्ड यांचे लग्न झाले. वधूचा फिकट निळा पोशाख पॅरिसमध्ये पेढी चालवणाऱ्या मेनबोशे या अमेरिकन डिझायनरचा. छायाचित्रे समुद्रापार पोहोचायचा अवकाश, न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या प्रतिष्ठित दुकानात त्याची नक्कल २५ डॉलरला लागली. काही आठवड्यांत ती उतरत उतरत एस. क्लाइन या स्वस्त मालाच्या दुकानात पोहोचली. तेथे भाव होता ८ डॉलर ९० सेंट. ज्या पोशाखासाठी पॅरिस गाठावे लागे, त्याची छाया उन्हाळा संपण्यापूर्वी कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुलीच्या आवाक्यात आली.

९/ ही चोरी होती काय? फ्रान्समध्ये पोशाखाच्या नमुन्याला कायद्याचे संरक्षण होते, अमेरिकेत नव्हते. म्हणून तेथील डिझायनर मंडळींनी १९३२ मध्ये ‘फॅशन ओरिजिनेटर्स गिल्ड’ स्थापन केली. सभासदांनी नमुने गिल्डकडे नोंदवायचे आणि नकला विकणाऱ्या दुकानाला कोणीही माल द्यायचा नाही, असा शिरस्ता पडला. १२,००० हून अधिक दुकानदारांनी गिल्डशी सहकार्याचे करार केले. न ऐकणाऱ्या दुकानावर बहिष्कार पडे. गिल्डचे स्वतःचे तपासनीस होते, दंड होते, सुनावण्याही होत्या.

१०/ ३ मार्च १९४१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बहिष्कार बेकायदा ठरवला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, नक्कल वाईट असली तरी खासगी मंडळींनी एकत्र येऊन स्वतःचे न्यायालय चालवावे आणि बाजाराचे दार बंद करावे हे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. निकाल डिझायनरांच्या विरोधात गेला. कमी ऐपतीच्या गिऱ्हाइकाच्या मात्र पथ्यावर पडला. माझ्या मते न्यायालयाचा तर्क बिनतोड आहे, तरी त्याने कारागिराचा प्रश्न सुटत नाही. येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरही यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ लग्नसराईत धडाक्याने विकली जाते. घेणारीची परिस्थिती खरी असते, आणि महिनोन्‌महिने मागावर बसणाऱ्याचे नुकसानही तितकेच खरे असते.

११/ ज्या वर्षी हा निकाल लागला त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रश्न नावाचा उरला नाही, कापडाचाच झाला. १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने. लोकरीच्या एका पोशाखाला त्यांतील ११ जात. पुढे कोटा आणखी घटला. पायापर्यंत लोळणारा गाऊन या हिशेबात कोठून बसावा? कोणी जाळीच्या पडद्यांचे कापड वापरले, कोणी आईचा गाऊन उसवून नव्याने बेतला, आणि कित्येकींनी लष्करी गणवेशातच लग्न लावले.

१२/ येथे एक सरकारी प्रयोग झाला, त्याची दखल घ्यायला हवी. १९४२ मध्ये ब्रिटिश व्यापार मंडळाने लंडनच्या आघाडीच्या डिझायनरांना गाठले. थोडे कापड, थोडी बटणे, अनावश्यक चुण्या नाहीत, अशा बंधनांत साधे पण डौलदार कपडे बेतून देण्यास सांगितले. हार्डी एमीज, नॉर्मन हार्टनेल, डिग्बी मॉर्टन अशी मंडळी त्यात होती. निवडक नमुने कारखान्यांत मोठ्या संख्येने शिवले गेले आणि नियंत्रित दराने विकले गेले. राजघराण्याचे कपडे करणारा हात प्रथमच गिरणी कामगारणीच्या अंगावर आला, तोही सरकारच्या आज्ञेने. ‘नाव’ वगळले तर उत्तम बेत किती थोड्या पैशांत होऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

१३/ लग्नाच्या गाऊनवर मात्र उपाय निघाला तो सामायिकपणाचा. बार्बरा कार्टलंड हे नाव प्रेमकादंबऱ्यांमुळे आपल्याकडेही ठाऊक आहे. युद्धकाळात त्या बेडफर्डशरमध्ये सैन्यातील स्त्रियांच्या कल्याण अधिकारी होत्या. सैन्यातील मुलींना पुरेशी कुपने नसत. पण जुन्या कपड्यांना कुपने लागत नाहीत, हे त्यांनी हेरले. त्यांनी वापरलेले गाऊन विकत घ्यायला आरंभ केला आणि ते लष्करातील वधूंना आळीपाळीने वापरण्यास मिळू लागले. अमेरिकेतून एलिनॉर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने आलेल्या गाऊनचाही असाच उपयोग झाला. एक मुलगी शनिवारी चर्चमधून बाहेर पडे; गाऊन धुऊन, इस्त्री होऊन पुढच्या शनिवारी दुसरीच्या अंगावर.

१४/ तोच काळ, तीच टंचाई, आणि राजकन्या एलिझाबेथ. २० नोव्हेंबर १९४७ च्या तिच्या विवाहासाठी सरकारने २०० जादा कुपने दिली. देशभरातील स्त्रियांनी आपली कुपने तिला टपालाने पाठवली. कुपने दुसऱ्यास देणे बेकायदा असल्याने ती परत करावी लागली. गाऊन त्याच नॉर्मन हार्टनेलचा: हस्तिदंती रेशीम आणि अमेरिकेतून आणवलेले १०,००० बारीक मोती. रेशीम शत्रुराष्ट्रांच्या किड्यांचे तर नाही ना, यावरही चर्चा झाली. किडे चीनमधील असल्याचा खुलासा द्यावा लागला.

१५/ याच वर्षांत आकाशातून उतरलेले कापडही कामी आले. युद्ध संपताच पॅराशूटचे रेशीम आणि नायलॉन लोकांच्या हाती आले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असा एक गाऊन आहे. चीनवर विमान निकामी झाले तेव्हा ज्या पॅराशूटने वैमानिकाचा जीव वाचवला, त्याच कापडाचा गाऊन शिवून १९४७ मध्ये त्याची वधू उभी राहिली. दुसरा गाऊन बर्गन-बेल्झन येथील. छळछावणीतून वाचलेल्या ज्यू तरुणीसाठी निर्वासितांच्या छावणीत तो पॅराशूटच्या कापडातून शिवला गेला. तिच्यानंतर तिच्या बहिणीने तो घातला, मग आणखी कितीतरी जणींनी. ज्यांचे घरदार, नातलग, नावेही पुसली गेली होती, त्या मुली एकाच गाऊनमधून एकामागून एक नवऱ्या झाल्या. लग्नाच्या पोशाखाला ‘एका दिवसाची हौस’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला हा गाऊन दाखवावासा वाटतो.

१६/ आता पुन्हा बॉस्टन. अमेरिकेत युद्धकाळातही लग्नाच्या गाऊनला कापडबचतीच्या ‘एल-८५’ या आदेशातून सूट होती. त्यामुळे वधूपोशाखांचा धंदा शाबूत राहिला. आणि सैनिक परतल्यावर लग्नांची लाट आली. एकट्या १९४६ मध्ये अमेरिकेत सुमारे २३ लाख विवाह झाले. पुढच्याच वर्षी फायलीन्सचा सेल सुरू झाला.

१७/ या दुकानाच्या तळघरात माल स्वस्त विकण्याची युक्ती मात्र जुनी होती. एडवर्ड फायलीन यांनी १९०९ मध्ये ती सुरू केली. प्रत्येक वस्तूवर ती मांडल्याची तारीख लिहिलेली असे. १२ दिवसांनी किंमत पाव हिस्सा उतरे, १८ दिवसांनी निम्मी होई, २४ दिवसांनी पाऊणपट सूट मिळे, आणि ३० दिवसांनंतरही उरलेली वस्तू धर्मादाय संस्थेला जाई. घासाघीस नाही, ओळखपाळख नाही. थांबण्याची हिंमत हीच गिऱ्हाइकाची सवलत. पण थांबलात आणि दुसरीने उचलले तर गेले.

१८/ या फायलीनशी आपले एक नाते आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०७ मध्ये ते हिंदुस्थानात आले होते. बंगालमधील खेड्यांत त्यांनी १९०४ च्या कायद्याखाली निघालेल्या सहकारी पतपेढ्या पाहिल्या आणि ते भारावून गेले. परतल्यावर अमेरिकेतील ‘क्रेडिट युनियन’ चळवळीचे ते प्रमुख आधारस्तंभ झाले. मॅसॅच्युसेट्सचा त्यासंबंधीचा कायदा १९०९ चा, म्हणजे तळघराच्याच वर्षीचा. लेकीच्या लग्नासाठी पतसंस्थेच्या पायऱ्या चढलेल्या मराठी घरांना या योगायोगाची गंमत अधिक कळेल.

१९/ पण हजारो डॉलरांचे गाऊन २४९ ला परवडत कसे? उत्तर धंद्याच्या रीतीत आहे. वधूंच्या दुकानात टांगलेला गाऊन बहुधा नमुन्याचा असतो. मुलगी तो घालून पाहते, मग तिच्या मापाचा नवा मागवला जातो आणि तो यायला महिने लागतात. नमुना मात्र पन्नास जणींच्या अंगावरून जातो. कडेला मळतो, मणी गळतात, चेन उसवते. हंगाम पालटला की तो नमुना बंद होतो. मोडलेल्या लग्नांचे रद्द गाऊन, दिवाळे निघालेल्या दुकानांचा साठा, कारखान्यात पडून राहिलेले नग, हे सारे एके ठिकाणी येई. विक्रेत्याच्या दृष्टीने ती अडगळ होती. तिच्यावर लेबल मात्र अस्सल होते.

२०/ आत शिरलेल्या मुली म्हणूनच माप न पाहता हाताला येतील तेवढे गाऊन कवेत घेत. मग मांडण्यांमधल्या वाटेतच कपड्यांवरून चढवून पाहायचे आणि नको ते दुसरीला देऊन हवे ते मिळवायचे. तेथे पैशाऐवजी गाऊनचाच विनिमय चाले. चाणाक्ष आया पाठीची शिवण आणि आतली दाब पाहत, कारण मोठा गाऊन आत घेता येतो, लहान वाढवायला कापड लागते. आणि दुरुस्तीचा खर्च २४९ च्या बाहेरचा. आजही वापरलेला किंवा नमुन्याचा गाऊन घेणाऱ्या मुलीने, मग ती वसईची असो, मडगावची असो वा न्यू जर्सीतील, प्रथम तेच पाहावे.

२१/ अडगळ स्वस्त विकली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण स्वस्ताईचा आणखी एक मार्ग होता, आणि तो सेलच्या गर्दीतून नव्हे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून जात होता.

२२/ १२ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूपोर्ट येथे सिनेटर जॉन केनेडी आणि जॅकलिन बूव्हिए यांचा विवाह झाला. वधूचा गाऊन सुमारे ५० यार्ड हस्तिदंती टॅफेटाचा. तो शिवला होता अ‍ॅन लो यांनी. जन्म अलाबामा राज्यातील क्लेटनचा, आजी आणि आई दोघीही शिवणकाम करणाऱ्या; पणजी गुलामगिरीत होती. न्यूयॉर्कच्या बड्या घराण्यांतील मुलींचे गाऊन लो शिवत, पण कृष्णवर्णीय बाईला पॅरिसचा भाव द्यायला गिऱ्हाइके राजी नसत. वधूच्या आईशी त्यांचा जुना परिचय. गाऊनची किंमत ठरली ५०० डॉलर.

२३/ लग्नाला दहा दिवस उरले असता त्यांच्या कार्यशाळेत पाण्याचा नळ फुटला. वधूचा गाऊन आणि करवल्यांचे बहुतेक पोशाख नासले. आठ आठवड्यांचे काम होते ते. लो यांनी नवे कापड आणले, जादा हात लावले, रात्रंदिवस बसून सगळे पुन्हा शिवले, आणि वधूच्या घरी अवाक्षर कळू दिले नाही. या कामात ७०० डॉलर नफा अपेक्षित होता. झाला २,२०० डॉलर तोटा. पोशाख पोहोचवायला त्या स्वतः न्यूपोर्टला गेल्या. तेथे त्यांना मागच्या दाराने यायला सांगितले, तेव्हा पुढच्या दाराने घेणार नसाल तर गाऊन परत नेते, असे त्यांनी सुनावल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या पुढच्या दाराने आत गेल्या.

२४/ वर्तमानपत्रांनी गाऊनच्या घेराचे, चुण्यांचे, टॅफेटाचे रसभरित वर्णन केले. शिवणारणीचे नाव बहुतेकांनी दिले नाही. विसाव्या शतकातील अत्यंत गाजलेल्या वधूपोशाखांपैकी एक, आणि वर्थच्या त्या पट्टीचा लाभ त्याच्या कर्तीला नाही! नाव असते तर किंमत मागता आली असती. साठच्या दशकाच्या आरंभी लो कर्जात आणि थकलेल्या करांत बुडाल्या. काचबिंदूने एक डोळा गेला. त्यांची थकबाकी एका अनामिकाने भरली. १९६४ मध्ये एका मासिकाने त्यांच्यावर लेख लिहिला, त्यात त्यांना उच्चभ्रू समाजाचे सर्वांत जपून ठेवलेले गुपित म्हटले होते. गुपित ठेवण्यात लाभ कोणाचा होता, हे सांगायला नको. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

२५/ फायलीन्सचे मूळ तळघर २००७ मध्ये बंद झाले, आणि २०११ मध्ये उरलेल्या शाखांचाही लिलाव निघाला. जॅकलिन केनेडींचा गाऊन त्याच बॉस्टनमध्ये, केनेडी ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. टॅफेटा इतका नाजूक झाला आहे की तो मांडता येत नाही. म्हणून २०२३ मध्ये डेलावेअर राज्यातील विंटरथूर संग्रहालयाने अ‍ॅन लो यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा त्या गाऊनची हुबेहूब प्रत नव्याने शिवून घ्यावी लागली. त्या प्रदर्शनाच्या शीर्षकात मात्र वधूचे नाव नव्हते, शिवणारणीचे होते.